फळ्याखालचे नाना

कुणी एखादं वाक्य पुरतं बोलून समाधानाने गप्प बसलं, की आमच्या गल्लीतले नाना बेचैन व्हायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी, तेही जळगावात, मी त्यांना सहज म्हणालो, "नाना, आज ऊन फार आहे." त्यांच्या डोक्यावर ओला पंचा होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडली होती. नाना पंच्याआडून म्हणाले, "कशावरून?" मी बावळटासारखं आभाळाकडे बोट केलं. त्यावर त्यांनी मला समजावलं की हे ऊन झालं, 'फार' कशावरून? कालच्यापेक्षा फार, की अमळनेरपेक्षा फार? मी नुकताच नोकरीला लागून जळगावात आलो होतो, नानांच्या घराशेजारी माडीवर खोली घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. या गल्लीत हवापाण्यावर बोलायचं तरी घरून तयारी करून निघावं लागेल, हे मला त्या दुपारी कळलं.

नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. मूळ गाव अमळनेरकडचं. घरात अहिराणी आणि घराबाहेर छापील मराठी, अशी त्यांची वाटणी होती. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं आणि एक खडू. ऑफिसात ते काय काम करत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबाने "पाणी सोडलं" म्हटलं की हे "कशावरून?" म्हणणार, या धास्तीने त्यांना जन्मभर जावक टेबलावर बसवून ठेवलं होतं, असं गल्ली म्हणायची. गल्ली आणखीही बरंच काही म्हणायची, कारण म्हणायला आमच्याकडे जागा होती.

ती जागा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयाचा फळा. वाचनालय कसलं, एक खोली, दोन बाकं, चार वर्तमानपत्रं, आणि बाहेर ओट्यावर भिंतीला ठोकलेला हा काळा फळा. किल्ली आणि फळा दोन्ही ड्रॉइंगच्या सरांच्या ताब्यात. सर शाळेतून निवृत्त झालेले. अक्षर असं देखणं, की त्यांनी लिहिलेली मयताची बातमीही लग्नपत्रिकेसारखी वाटायची. रोज सकाळी ते वर एक सुविचार लिहीत, त्याखाली नळ कधी येणार, कुणाचं तेरावं कधी, कुणाचा मुलगा पास झाला, वगैरे. खालचा अर्धा फळा कोरा असायचा. इतका कोरा फळा उघड्यावर ठेवायचा नसतो, हे सरांना सुचलं नाही.

एकदा सरांनी लिहिलं, 'सत्याचा नेहमी विजय होतो.' दुसऱ्या दिवशी त्याखाली तिरप्या अक्षरात मजकूर होता: 'कशावरून? गल्लीतील दोन उदाहरणे द्यावीत.' आणि खाली नानांची पूर्ण नाव-आडनावासकट सही. दुपारपर्यंत कुणीतरी नळाच्या भांडणाचं उदाहरण दिलं. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणीतरी, त्या भांडणात सत्य कुणाच्या बाजूला होतं हेच ठरलेलं नाही, असं त्याखाली लिहिलं. महिन्याभरात आत वर्तमानपत्रांवर धूळ बसू लागली आणि बाहेर फळ्यापुढे माणसं सायकली टेकवून उभी राहू लागली. आज मोबाइलच्या ग्रुपवर लोक जे करतात ते आमच्या गल्लीने तेव्हाच खडूने करून ठेवलं होतं, फक्त खडू संपला की वाद थांबायचा एवढी सोय होती.

या लिहिण्यालाही रीतभात होती. लिहिताना कुणी कुणाला दिसायचं नाही. पहाटे दूध आणायला जाताना, नाहीतर दुपारी गल्ली झोपली की लोक लिहून यायचे. सह्या 'एक सत्यप्रेमी', 'जागरूक नागरिक', 'आपलाच हितचिंतक' अशा. सहीत हितचिंतक असला की मजकुरात कुणाची तरी लाज काढलेली असणार, हे ठरलेलं. गंमत म्हणजे सगळे सगळ्यांचं अक्षर ओळखायचे. तरीही कुणी कुणाला तोंडावर 'हे तू लिहिलंस' म्हणायचं नाही. चौघांत बसून आपणच लिहिलेल्या ओळीवर 'कोण हा नालायक?' असं म्हणणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. नाना तेवढे एकटे स्वतःच्या नावाने लिहायचे, आणि म्हणूनच शिव्याही त्यांना एकट्यालाच पोचायच्या.

वादाला विषय कोणताही चालायचा. केळी खाऊन सर्दी होते का, वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं तरच भरीत होतं का, आजारी माणसाला बघायला जाताना रिकाम्या हाताने जावं का. जळगावचं वांगं जगात पहिलं, असं एका जागरूक नागरिकाने लिहिलं, तेव्हा नानांनी 'जग फिरून आलेल्या इसमाचे नाव कळावे' अशी मागणी केली. गल्लीतला सर्वात लांबचा प्रवासी सुरतेपर्यंत गेलेला होता. त्याने तिथलं वांगं खाल्लं नव्हतं. तो वाद त्यामुळे तसाच अर्धवट राहिला आणि नानांनी तो स्वतःच्या खात्यावर विजय म्हणून जमा केला.

कांद्याचा वाद मात्र त्यांच्या अंगाशी आला. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे कुणी सांगतही नाही, सांगावं लागत नाही. वाचनालयासमोर युसूफभाईंचं गाद्यांचं दुकान होतं. ते रोज दुपारी कांदा खिशात टाकून मालधक्क्यावर कापूस आणायला जायचे. नानांनी त्यांना आधार विचारला. युसूफभाई म्हणाले, "नाना, ठेवून बघायला काय जातं? ऊन नाही लागलं तर संध्याकाळी भाजीत टाका." याला युक्तिवाद म्हणत नाहीत, असं फळ्यावर लिहून नाना भर दुपारी बिनकांद्याचे, डोक्याला काही न बांधता स्टेशनपर्यंत चालत गेले. परत आले ते टांग्यातून. घरी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्या तळपायांना कांदाच चोळला. फळ्यावर 'कांदा विजयी' असं ठळक अक्षरात उमटलं. अंथरुणावरून उठल्या उठल्या नानांनी त्याखाली खुलासा केला: 'मी सकाळपासून उपाशी होतो. प्रयोग शुद्ध नव्हता.'

तो एक प्रसंग सोडला तर नाना उत्तर आणायला जागचे कधी हलले नाहीत. प्रश्न विचारला की त्यांचं काम संपलं. आणि आम्हीही काही कमी नव्हतो. त्यांच्या प्रश्नावर चार दिवस भांडायचो, पण ज्याच्यावर भांडतोय ती गोष्ट दोन गल्ल्या पलीकडे जाऊन बघून यावी, असं कुणाच्या मनात यायचं नाही. बघून आलं की वाद मिटतो, आणि मिटलेल्या वादाचं कुणाला काय करायचं होतं?

नानांना एकच मुलगी, मंदा. बी.एस्सी. झालेली. बोलायची फार कमी. त्या घरात बोलण्याचा सगळा कोटा बापानेच उचलला असल्यामुळे तिच्या वाट्याला उरत नसावं. ती एकदा मला जिन्यात म्हणाली होती, "नाना जगाला प्रश्न विचारतात, म्हणून घरात कुणी विचारत नाही." मी हसलो होतो. मला वाटलं ती विनोद करतेय.

मंदाला स्थळं यायला लागली आणि गल्लीला नवा विषय मिळाला. पहिलं स्थळ फैजपूरकडचं, केळीचे मोठे बागाईतदार. मुलाचे काका म्हणाले, "आमची केळी थेट दिल्लीला जातात." नाना म्हणाले, "भुसावळलाच उतरत नसतील कशावरून?" काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली आणि पायांत चपला घातल्या. दुसरं स्थळ पारोळ्याचं. मुलाचा मामा म्हणाला, आमचा भाचा म्हणजे देवमाणूस. नानांनी अगदी नम्रपणे विचारलं, "कोणत्या देवासारखा? सगळ्याच देवांची वागणूक सारखी नाही." तेही लोक गेले. त्यांची बस सुटण्याआधी फळ्यावर हितचिंतकाचा मजकूर आला: 'बापाच्या तोंडापायी मुलगी घरात राहील.'

हे वाचून अक्का घरी आल्या त्या ठरवूनच. त्यांनी नानांना मुलीची शपथ घातली. शपथेने काय होतं, कशावरून, असं नाना म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दुसरीही व्यवस्था केली. पुढचं स्थळ येईल तेव्हा नानांनी तोंडात एक अख्खी सुपारी धरून बसायचं. फोडायची नाही, चावायची नाही, पाहुणे जाईपर्यंत काढायची नाही. नानांनी ते कबूल केलं. आयुष्यात त्यांनी कारण न विचारता मान्य केलेली ही पहिली गोष्ट असावी. फळ्यावरची ती ओळ त्यांना लागली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसरं स्थळ ड्रॉइंगच्या सरांनी आणलं. त्यांच्या मेहुणीच्या सासरकडचं कुणीतरी, भुसावळचं. मुलगा तिकडच्या एका कारखान्यात परमनंट. बोलणी करताना आमच्याकडे गल्लीतली चार माणसं बसवायची पद्धत आहे. त्याप्रमाणे सर, युसूफभाई, मी आणि नाना असे भिंतीला टेकून बसलो. नानांच्या डाव्या गालाला सुपारीचं टेंगूळ आलं होतं. मुलाचे वडील मोकळ्या आवाजाचे. म्हणाले, पगाराचं विचारूच नका, कापून कापून उरतो तोच एवढा. म्हणाले, क्वार्टर मंजूर झालंय, फक्त किल्ली यायचीय. म्हणाले, आमच्या मुलाला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. हे म्हणताना त्यांनी नानांच्या गालाकडे जरा नापसंतीने पाहिलं.

प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे आणि आम्ही सगळे सवयीने नानांकडे बघायचो. नानांच्या कपाळावर घाम आला होता. गळ्याची घाटी वरखाली व्हायची, सुपारी या गालातून त्या गालात जायची, पण शब्द आला नाही. मला त्या वेळी हसू येत होतं. सरांनाही येत असावं. दारामागून अक्का नवऱ्याकडे असं बघत होत्या, जसं परीक्षेत पास होणाऱ्या मुलाकडे बघावं. मुलाच्या वडिलांना हे घर फार समजूतदार वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे स्थळ आलं की एक ठरलेली रीत असते. दोन माणसं मुलाच्या गावी जातात. स्टँडवर चहा घेतात, एक जण उगीच दाढी करून घेतो, दुसरा किराणा दुकानात काड्यापेटी मागतो. चहावाला, न्हावी आणि किराणावाला या तिघांकडून मुलाची सात पिढ्यांची कुंडली निघते. खेड्यातला अडाणी माणूसही हे केल्याशिवाय मुलगी देत नाही. भुसावळ आमच्यापासून गाडीने किती लांब? बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. आणि आमच्या गल्लीतून, जिथे वांग्यालासुद्धा पुरावा लागायचा, तिथून एक माणूस भुसावळला गेला नाही. नानांसारखा बाप आहे, त्याने मुलगा आतून बाहेरून उलटा करून पाहिला असणार, असं गल्लीने धरलं. नाना तोंड बंद ठेवून बसले होते. त्यांना वाटलं, सर मध्यस्थ आहेत, युसूफभाई जुने आहेत, गल्लीत एवढी प्रश्न विचारणारी माणसं आहेत, कुणीतरी विचारलंच असेल. सरांना वाटलं, मेहुणीने विचारलं असेल. असा सगळा विचार एकमेकांवर टाकून आम्ही लग्नात बुंदीवर आडवा हात मारला.

मंदा आठ महिन्यांनी परत आली. सकाळच्या गाडीने, एका पिशवीसह, एकटी. मुलगा परमनंट नव्हता, ठेकेदाराकडे कधी रोजावर जायचा आणि कधी जायचाच नाही. दारू प्यायचा आणि हात उचलायचा. क्वार्टर कुठे नव्हतंच. हे सगळं भुसावळच्या चहावाल्याला, न्हाव्याला आणि किराणावाल्याला ठाऊक होतं, आणि एका चहाच्या पैशात त्यांनी ते सांगितलंही असतं. मला त्या दिवशी स्वतःची आणि सगळ्या गल्लीची शिसारी आली होती. हे मी आज मोठेपणासाठी म्हणत नाही. खरंच आली होती.

नाना त्या दिवसापासून गप्प झाले. निवृत्तीही त्याच सुमारास आली. खिशातला खडू गेला. पहाटे फळ्याकडे जाणं बंद झालं. आमच्या भिंती सामाईक असल्यामुळे मला घरातलं ऐकू यायचं. आयुष्यभर ज्या बाईने त्यांना 'आते गप बठा' म्हणून सांगितलं, तीच आता त्यांना बोलतं करायला धडपडत होती. अक्का मुद्दाम काहीही सांगायच्या. आज भेंडी सोन्याच्या भावाने आणली. शेजारच्या म्हशीने तिळे दिले. नळाला आज गरम पाणी आलं. नाना म्हणायचे, "बरं." एकदा अक्का म्हणाल्या, काल रात्री तापीला उलटा पूर आला म्हणे. नाना म्हणाले, "येस कधी कधी," म्हणजे येतो कधी कधी. त्यानंतर बराच वेळ भांड्यांचा आवाज नव्हता. अक्का रडत असाव्यात.

आणि फळा? फळा व्यवस्थित चालू होता. मंदा आल्यावर पहिले काही दिवस लोक भिडेने केळी आणि सर्दीवर लिहीत राहिले. मग एका सकाळी सुविचाराच्या खाली ओळ दिसली: 'मुलीने थोडे जुळवून घ्यायला हवे होते. सर्व दोष मुलाकडेच कशावरून? आपलाच हितचिंतक.' अक्षर मुद्दाम डाव्या हाताने वेडंवाकडं काढलेलं होतं. पण आयुष्यभर ज्याने फळ्यावर वळणदार अक्षर शिकवलं, त्याचा डावा हातही शेवटी वळणावर जातो. ते सरांचं अक्षर होतं. स्थळ त्यांनी आणलं होतं, नाव त्यांचं खराब होत होतं, आणि जगात सत्याचा नेहमी विजय होतो असं लिहिणारा माणूस पहाटेच्या अंधारात येऊन हे लिहून गेला होता. सायकल टेकवून वाचणाऱ्या प्रत्येकाने ते ओळखलं, आणि प्रत्येक जण 'कोण असेल बुवा?' असं म्हणत कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओळीखाली मंदाचं पूर्ण नाव होतं, माहेरचं. पुढे लिहिलं होतं: 'मी इथेच बसले आहे. ज्याने लिहिले त्याने समोर येऊन मला वाचून दाखवावे.' आणि ती खरोखरच वाचनालयाच्या ओट्यावर, फळ्याखाली बसली होती. त्या ओट्यावर आजवर कुठलीही बाई बसलेली नव्हती. ती मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडे बघत होती. रागावलेली दिसत नव्हती. स्टँडवर बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी बसली होती.

सर किल्ली घेऊन कोपऱ्यापर्यंत आले, तिला पाहिलं, आणि काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून परत फिरले. त्या दिवशी वाचनालय उघडलं नाही. एक सत्यप्रेमी ऑफिसला मागच्या बोळातून गेला. दोन जागरूक नागरिक त्याच्या मागोमाग गेले. त्या बोळात चिखल असायचा, पण त्या दिवशी तिथे सायकलींची रांग लागली होती. युसूफभाईंचं दुकान तर तिच्या समोरच. त्यांना पळायला जागा नव्हती, म्हणून ते तिच्याकडे पाठ करून सकाळभर एकाच गादीचा कापूस पिंजत बसले. बाकीची गल्ली खिडक्यांच्या फटींतून बघत होती. हितचिंतक म्हणवणारी एवढी माणसं होती, पण एकालाही त्या पोरीच्या समोर उभं राहता आलं नाही.

दुपारचं ऊन ओट्यावर आलं तेव्हा शेजारच्या घरातून अक्कांचा आवाज ऐकू आला. त्या नानांना म्हणत होत्या, "जनमभर बठ्ठा गावले इचारं. आते तठे जाईसन पोरजोडे बठा." जन्मभर सगळ्या गावाला विचारलंत, आता तिथे जाऊन पोरीजवळ बसा, असं. दार वाजलं. नाना बाहेर आले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना गल्लीत पाहत होतो. ते ओट्याजवळ गेले, फळा वाचला, आधी सरांची ओळ, मग तिची. मंदा थोडी सरकली. ते तिच्याशेजारी बसले. दोघंही रस्त्याकडे बघत होते. माझी खोली वाचनालयाच्याच माडीवर, खिडकी त्या ओट्याच्या अगदी वर होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"मी त्या दिवशी इचाराले जोयजे व्हतं," नाना म्हणाले.

"हो," मंदा म्हणाली.

तिने समजूत घातली नाही. मला ते आवडलं. नानांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अगदी नीट, आणि म्हणाले, "तुले काय जोयजे?"

पंचवीस वर्षांच्या त्या मुलीला, ज्या माणसाने ऊन, वांगी, कांदा, देव, सगळ्यांविषयी प्रश्न विचारले त्या बापाने, तुला काय पाहिजे, हे कधी विचारलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होतं.

"आत्ता चहा," ती म्हणाली. "मग बी.एड. धुळ्याला."

नाना उठले. कशावरून होईल, कसं होईल, एक शब्द नाही. ते फळ्याकडे वळले आणि शर्टाच्या बाहीने तो पुसायला लागले. सरांची ओळ गेली, मंदाची गेली, मग वरचा सुविचार गेला, नळाची वेळ गेली, कुणाच्या तरी तेराव्याची बातमी गेली. सगळा फळा कोरा करकरीत झाला आणि नाना कोपरापर्यंत पांढरे झाले. मग दोघं चहाला घरी गेली.

त्या पुसलेल्या तेराव्यावरून गल्लीत चार दिवस रण पेटलं. मयताची बातमी पुसणं हा अपशकुन की अपमान, फळा सार्वजनिक की सरांचा, नळाची वेळ न कळल्याने ज्यांचं पाणी गेलं त्यांची भरपाई कोण करणार. दोन्ही बाजूंनी फार चांगले मुद्दे आले. सरांनी, कुणाच्याही भावना दुखावू नयेत, असा सुविचार लिहिला. या गडबडीत नाना, अक्का आणि मंदा दोन ट्रंका आणि एक वळकटी घेऊन धुळ्याच्या एसटीत बसून निघून गेले. त्यांच्या दाराला कुलूप आहे हे गल्लीला दूधवाल्याकडून कळलं.

पुढे माझी बदली झाली, गल्लीही सुटली. बऱ्याच वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी धुळ्याला गेलो असताना बाजारात एका बाईने मला हाक मारली. मंदा होती. एका शाळेत विज्ञान शिकवत होती, चष्मा लागला होता, आणि आवाज चांगला खणखणीत झाला होता. हाताला धरून घरी घेऊन गेली. अक्का खाटेवर बसल्या होत्या, त्यांनी मला ओळखलं. नाना कुठे आहेत असं मी विचारणार होतो, तेवढ्यात भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. मला एकदम फार वाईट वाटलं. ज्या माणसाची मी इतकी वर्षं चारचौघांत नक्कल करून हशा मिळवला, तो गेलेला मला माहीतही नव्हता.

मंदा चहा करता करता सांगत होती. "रोज शाळेतून आले की दारातच विचारायचे, तुले काय जोयजे? पहिलं वर्षभर बरं वाटलं. मग वैताग यायला लागला हो. म्हटलं, नाना, माणसाला रोज काही नको असतं. तरी विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहायचे. काही सांगितलं की ते आणायला स्वतः जायचे, भर उन्हात. शेवटी शेवटी दवाखान्यात, बोलवतही नव्हतं, तरी मी खाटेजवळ गेले की तेच. मी म्हटलं, मला काही नको, तुम्ही घरी चला."

तिने कपबशी माझ्या हातात दिली.

"तेवढं मात्र त्यांना जमलं नाही," ती म्हणाली.